चपला जागेवरच होत्या

आमच्या घरी पाहुणा उठला की त्याच्या चपला लपवायचं काम माझ्याकडे होतं. भावंडांत मी सगळ्यात धाकटी, शिवाय तोंडानं फटकळ आणि पायानं चपळ, म्हणून हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. पातूर तालुक्यातलं आमचं गाव, काळ्या जमिनीचं. घरात कापूस, तूर आणि सतरा पाहुणे.

पाहुणा जेवायचा, सुपारी चघळायचा, आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून म्हणायचा, "बरं, निघतो आता." बाबा म्हणायचे, "राहा न आजचा दिवस." पाहुणा म्हणायचा, "नाही गड्या, वावरात काम हाय." असं तीनदा व्हायचं. हे सगळं नुसतं तोंडचं. राहा तर आपण सगळ्यांनाच म्हणतो, जो जावा असं वाटतं त्यालाही म्हणतो. खरी गोष्ट आई बोलायची, तीही माझ्याकडे न पाहता, भाकरी थापता थापता. "चपला बाहीर हायेत का पाह्य वं." म्हणजे लपव.

मी मागच्या दारानं पळायची आणि चपला उचलून सरकीच्या पोत्यामागं टाकायची. पाहुणा ओसरीत येऊन इकडे तिकडे पाहायचा. "माह्या चपला कोणं नेल्या?" बाबा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "कुत्र्यानं नेल्या असतीन." पाहुणा म्हणायचा, "हे या पोट्टीचंच काम हाय." मग तो मला पकडायला दोन पावलं धावायचा, मी ओरडायची, आणि आत आई चहाचं आधण ठेवायची. आधण ठेवलं की झालं. पाहुणा टोपी काढून खुंटीला लावायचा आणि रात्रीच्या जेवणाला असायचा.

ज्याला खरंच जायचं असे त्याचीही सोय होती. तो आल्या आल्या आपल्या चपला हातात घेऊन आत यायचा आणि खाटेखाली ठेवायचा. मग त्या चपलांना कुणी हात लावायचा नाही. कोर्टाची तारीख असेल, घरी बाळंतीण असेल, कुणी विचारतही नसे. खाटेखाली चपला दिसल्या की आई आधीच शिदोरी बांधायला घ्यायची.

आणि एकदा एक लांबचे काका आले होते. माझ्या आत्याच्या सोयरिकीत त्यांनी काहीतरी वाईट बोलून ठेवलं होतं, ते आईनं मनात धरलं होतं. तरी जेवायला पुरणपोळी केली. "राहा न भाऊजी," असं तीनदा म्हणाली. मी भिंतीला टेकून तिच्या तोंडाकडे पाहत राहिले, पण चपलांचं ती काही बोलली नाही. काका ओसरीत आले. चपला त्यांनी काढल्या होत्या तशाच, एकीला एक लागून, उंबऱ्याखाली होत्या. काकांनी त्या लगेच घातल्या नाहीत. नुसते उभे राहून पाहत होते. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन, पण त्यांचं ते तोंड पाहून मला उगाच रडू आलं. नंतर ते आमच्याकडे आल्याचं मला आठवत नाही.

म्हणजे हे सगळं मला ठाऊक होतं. कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि तरी एका दुपारी, अमरावतीला, माझ्या स्वतःच्या दारात माझ्या बापाच्या चपला जागेवरच राहिल्या. ती दुपार मला परत पाहिजे. ती काही मिळत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मधे पुणं झालं. भाषाविज्ञानात एम.ए. करायला मी दोन वर्षं तिथे होते. माझ्या 'मले'-'तुले'ला मुली हसायच्या, त्याचं मला फार वाटलं नाही. हसणारे हसतात. मला छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मैत्रिणीच्या घरी गेले, तिच्या आईनं विचारलं, "पोहे खाणार का गं?" पोटात कावळे ओरडत होते. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको." आणि त्या माउलीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. दुसऱ्यांदा विचारलंच नाही. पहिले कित्येक आठवडे मी अशी उपाशी हिंडले आणि सगळ्या शहरावर जळफळले. मग शिकले. हवं तर हो म्हणायचं, नको तर नको. थँक्यू म्हणायचं, सॉरी म्हणायचं. दुसऱ्या वर्षी तर मला ते आवडायलाही लागलं, खोटं कशाला बोलू. सरळ काम होतं. कुणाच्या मनात काय आहे ते हुंगत बसावं लागत नव्हतं.

तिथंच वर्गात मला समजलं की आमच्या ओसरीत जे चालायचं त्याचं एक शास्त्र आहे. शब्दाचा कोशातला अर्थ एक, आणि बोलणाऱ्याला त्या वेळी, त्या माणसाला, त्या जागी जे पोचवायचं असतं ते दुसरं. या दुसऱ्याचा अभ्यास म्हणजे प्रॅग्मॅटिक्स. मराठीत त्याला जडजड नावं आहेत, ती मी परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरले. सर उदाहरण द्यायचे ते एकच. पाहुणा म्हणतो 'इथं फार उकडतंय', म्हणजे खिडकी उघडा. मला वाटायचं, हा पेपर माझी आई बसल्या जागी शिकवेल. मी उत्तरपत्रिकेत चपला लिहिल्या. समासात लाल शाईनं प्रश्न आला: यात भाषा कुठे आहे? मला इतका राग आला होता की तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. अहो, सगळी भाषा तिथंच तर आहे.

लग्न होऊन अमरावतीला आले. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस ड्युटीवर. आम्ही एका मुस्लिम कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली त्यांचं शिलाईचं दुकान आणि मागं त्यांचं घर. घरमालकीण बाई आमच्याशी हिंदी-मराठीची खिचडी करून बोलायच्या आणि माझ्या आईपेक्षा जास्त लक्ष ठेवायच्या.

ती वर्षं वाईट होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. आमच्या भागात रोज सकाळी पेपर उघडायला हात कचरायचा. मोठमोठ्या गाड्यांतून माणसं येत, बांधावर उभी राहून फोटो काढत आणि जात. त्यातच एक संस्था मात्र खरंच काम करायला आली होती. त्यांनी बाहेरच्या राज्यांतून तरुण मुलंमुली आणली होती, गावोगाव घरी जाऊन माणसांशी बोलायला, कोण खचलं आहे ते वेळेत ओळखायला. काम चांगलं होतं, फक्त त्यांना मराठी येत नव्हतं. तीन महिन्यांत बोलायला शिकवा म्हणून त्यांनी मला नेमलं.

पुस्तक दिलं होतं जुनं. हे घर आहे. ते झाड आहे. कृपया मला रस्ता सांगाल का? वऱ्हाडात कृपया फक्त दोन ठिकाणी असतं, एस.टी.त लिहिलेलं आणि स्टेशनच्या भोंग्यात. माणसाच्या तोंडी मी ते ऐकलेलं नाही. पुस्तक कपाटात ठेवलं आणि माझ्या पद्धतीनं सुरू केलं.

त्यांच्यात केरळची एक मुलगी होती. व्याकरण दोन आठवड्यांत खाऊन टाकलं तिनं. तिला बार्शीटाकळीकडची गावं दिली होती. पहिल्या फेरीहून ती परत आली ती रडकुंडीला येऊन. तिच्याकडे छापील प्रश्न होते. झोप लागते का? जेवण जातं का? मनात वाईट विचार येतात का? ती घरोघरी बसून अगदी शुद्ध मराठीत हे विचारून आली होती आणि प्रत्येक घरात उत्तर एकच, "नाही बाई, बरं हाय." तिनं तो गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, तुमच्या जिल्ह्यात सगळे बरे आहेत. मग आम्हाला इथं कशाला बोलावलं?"

मला हसू आलं. मी तिला बसवून सांगितलं. आमच्याकडे माणूस स्मशानातून परत येत असला तरी 'कसं काय'चं उत्तर 'बरं हाय' हेच असतं. ते उत्तर नाहीच, ती नुसती दार उघडल्याची खूण आहे. आमच्याकडे आलेला माणूस कामाचं सगळ्यात शेवटी बोलतो. दोन तास बसेल, पाऊस, बैल, पोरांची शाळा सगळं बोलेल, आणि एक चप्पल पायात घातली, दुसरी शोधतोय, तेव्हा म्हणेल, "एक गोष्ट होती." यजमानाचंही तेच. म्हणून तू फाईल मिट, पेन ठेवून दे, ऊठ, आणि मग वेळ लाव. घरातलं कुणी फाट्यापर्यंत पोचवायला निघालं तर नको म्हणू नकोस. हळू चाल. रस्त्यात ती माणसं गप्प झाली तर तू पण गप्प राहा. आणि कुणी 'काही नाही' म्हटलं तर तिथून पुढं कान दे.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा तिचा चेहरा निराळा होता. एका घरची बाई तिला फाट्यापर्यंत सोडायला आली होती. सगळा रस्ता तिनं शेळीच्या दुखऱ्या पायाचं सांगितलं. एस.टी. दिसली. बाई नुसती पदर चाळवत राहिली. माझ्या विद्यार्थिनीनं ती गाडी जाऊ दिली. दुसरी गाडी आली, तीही सोडली. मग बाई म्हणाली, "आमचे हे जेवून नाही राह्यले. आंगणात बसून राह्यतात दिवसभर, फवारणीच्या औषधाच्या डब्याकडे पाहात." त्या एका वाक्यासाठी दोन गाड्या सोडाव्या लागल्या. त्याच दिवशी संस्थेचा डॉक्टर त्या घरी गेला. तो माणूस वाचला.

हे मी सगळ्यांना सांगत सुटले. नवऱ्याला, शेजारणींना, भाजीवाल्याला सुद्धा. माझं शिक्षण फुकट गेलं नाही म्हणून मी फुगले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी तेव्हा वर्गात शिकवत होते, बरं का.

त्याच हिवाळ्यात बाबांचा दोस्त गेला. आमच्या वावराला त्याचं वावर लागून होतं. दुपारची भाकर दोघं एकाच बांधावर बसून खायचे, माझ्या जन्माच्या आधीपासून. त्यानं फवारणीचं औषध घेतलं. मला फोनवर भावानं सांगितलं. मी बाबांना फोन केला तर म्हणाले, "हाव, गेला तो." आणि मग तुरीचं बोलायला लागले.

पंधरा-वीस दिवसांनी बाबा अचानक माझ्या दारात उभे. पातूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती, एस.टी.नं. डोक्यावर टोपी, खांद्याला ती निळी थैली. मी म्हटलं, "बाबा, कळवलं पण नाही?"

"काही नाही, सहज आलो."

काही नाही. पुढं कान दे, असं मी ज्या मुलीला शिकवलं होतं ती तेव्हा माझ्या दारात असती तर तिनं दिला असता.

थैलीतून त्यांनी तुरीच्या शेंगा काढल्या, अंबाडीची भाजी, आईनं दिलेल्या कुरड्या. सगळं काढून झाल्यावरही थैली फुगलेलीच होती. ते माझ्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्यापर्यंत गेलं नाही. मला तीन वाजता वर्ग होता आणि भाकरी व्हायच्या होत्या.

जेवताना त्यांनी विचारलं, "तू शिकवतं काय तिथी, सांग बरं."

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. माणूस बोलतो एक आणि त्याला सांगायचं असतं दुसरं, ते कसं ओळखायचं, ते शिकवते. बाबा घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले.

"हे बी शिकवा लागते? हे तं येतेच न."

"बाहेरच्यांना नाही येत बाबा."

"हाव, बाहीरच्याईले नसन येत," म्हणाले, आणि भाजी कालवत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "आता बांधावर कोणी बसून नाही राह्यत."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "वाईट झालं बाबा. तुम्ही स्वतःला जपा." हे वाक्य मी पुण्यात कमावलेलं होतं. चांगलं, स्वच्छ, इस्त्री केलेलं वाक्य. आमच्या घरात असं कुणी कुणाला कधी म्हणालेलं नाही. आई असती तर काही बोलली नसती, ताटात अजून एक भाकर टाकली असती. बाबा "हाव" म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मग मी घड्याळ पाहिलं. अडीच. पाहू नये असं नव्हतं, पण त्यांनी मला पाहताना पाहिलं. टेकलेले नव्हतेच ते, खुर्चीच्या टोकावर बसले होते. गुडघ्यांवर हात ठेवले. "बरं, निघतो मी."

इथून पुढं काय व्हायला हवं होतं ते मला पाळण्यातल्यापासून पाठ होतं. राहा न बाबा. नाही माय. राहा न. आणि लेकीचं घर, म्हणजे बापाला तर जास्तच आग्रह लागतो. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी आपल्या तोंडानं राहतो म्हणत नाही, त्याला अडवावं लागतं. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पिताना सुद्धा दोनदा विचार करायची. हे सगळं माहीत असलेली मी म्हणाले, "एवढ्यात? माझा तीनचा वर्ग आहे हो. रिक्षा बोलवू का? साडेतीनची गाडी मिळेल तुम्हाला."

बाबांनी खुर्चीजवळची थैली उचलली. म्हणाले, "बोलाव."

दारात चपला होत्या. त्यांनी काढलेल्या तशाच, भिंतीकडे तोंड करून, एकीला एक लागून. बाबांनी त्या लगेच घातल्या नाहीत. थैली खांद्याला लावून उभे राहिले, खाली पाहत. मला वाटलं, गुडघे धरले असतील, वाकवत नसेल. मी पटकन वाकले आणि चपला फिरवून, दाराकडे तोंड करून, त्यांच्या पायापुढं सरळ करून ठेवल्या. मनात म्हटलं, बापाच्या चपलांना हात लावला, पुण्य लागलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राह्य माय." आणि जिना उतरले.

वर्गाला मी वेळेवर पोचले. त्या दिवशीचा धडा होता, निरोप कसा घ्यायचा. मी त्यांना आमच्या घरचा चपलांचा किस्सा रंगवून सांगितला, सरकीच्या पोत्यासकट. सगळे हसले. केरळच्या मुलीनं वहीत लिहूनही घेतलं. मला वाटतं माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात रंगलेला तास असेल, आणि त्याची आठवण झाली की आता मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

संध्याकाळी परतले तर घरमालकीण बाई जिन्याशी कोथिंबीर निवडत होत्या. "अब्बा चले गए? रोके नहीं तुमने?"

"उनको काम था," मी म्हटलं.

"बोले क्या, काम है करके?"

"हाँ," मी म्हटलं, जरा तोऱ्यातच. यांना काय करायचं आहे, असं वाटलं.

वर येऊन शेंगा सोलायला बसले. अर्धी वाटी दाणे झाले असतील आणि माझा हात थांबला. बाबा म्हणाले नव्हते. वावरात काम हाय, असं एकदाही म्हणाले नव्हते. आमच्याकडे जाणारा माणूस काम सांगितल्याशिवाय जातच नाही. खरं नसेल तर खोटं सांगतो, पण सांगतो. बाबांनी आपल्या जाण्याला काही कारणच दिलं नव्हतं. मी अडवावं म्हणून जागा मोकळी ठेवली होती, आणि मी तिथं रिक्षा उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. "बाबा, राहायला या न. चार दिवस या."

"येऊ न," म्हणाले. "येऊ न"चा अर्थ मला कोशात पाहावा लागत नाही.

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं जगले, हे सांगायला हवं, नाहीतर वाचणारा भलतंच समजेल. पेरलं, काढलं, नातवंडांची लग्नं पाहिली. माझ्यावर रागावले वगैरे काही नाही. फोनवर हसून बोलायचे. मीच गावी जायची, तेव्हा माझ्यासाठी स्वतः बाजारातून वांगी आणायचे. माझ्या घरी ते त्यानंतर दोनदा आले. एकदा माझ्या मुलीच्या बारशाला आणि एकदा डोळे दाखवायला. दोन्ही वेळा जिना चढून आले, उंबऱ्याशी थांबले, वाकले, आणि आपल्या चपला हातात घेऊन आत आले. खुर्चीखाली ठेवल्या, नीट, भिंतीला लावून.

दुसऱ्या वेळी माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, चपला बाहेर काढतात."

"असू दे बाई," मी म्हटलं.  त्याआधी बारशाच्या दिवशी तर घरात पन्नास माणसं होती आणि मला सगळं सोडून त्या खुर्चीसमोर बसून बाबांना म्हणावंसं वाटत होतं की ठेवा बाहेर, एकदा ठेवा, मी लपवते. पण असं बोलता येत नाही. त्या गोष्टी बोलून होत असत्या तर आईनं मला भाकरी थापता थापता कशाला सांगितलं असतं? खुर्चीखालच्या चपलांना हात लावायचा नसतो. मी शिदोरी बांधून दिली.

बाबा म्हातारपणानं गेले, तीन दिवसांच्या तापानं, आपल्या खाटेवर. तेरवी झाली, माणसं पांगली. भाऊ आता अकोल्याला राहतो, तो सकाळीच गेला. घरात आई आणि मी. आम्ही बाबांच्या वस्तू आवरत होतो. खुंटीवर ती निळी थैली होती, रंग उडालेली, बंद दोनदा शिवलेले. आईनं ती काढून मांडीवर घेतली आणि हातानं सपाट करत बसली.

"हे फेकू नको," म्हणाली. "हेच घेऊन आलते तुह्याकडं. आठवते का तुले, दोस्त गेला त्या साली?"

"आठवते."

"घर खाऊन राह्यलं होतं त्याईले. वावरात जाये नाही, जेवे नाही. मीच म्हटलं, पोरीकडं जा चार-आठ दिवस, मन लागन. चार जोडी कपडे घडी करून देल्ले थैलीत. दाढीचं सामान देल्लं."

मी हातातला बाबांचा सदरा घडी करत राहिले. बोलणं माझं कधीच कामाला आलेलं नाही.

"त्याच दिवशी वापस आले तं मी म्हटलं, काहून जी, पोरगी घरी नोयती का? काहीच नाही बोलले. कपडे काढले, दोरीवर टाकले." आई थैलीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "मंग एक दिवस जेवता जेवता मनानंच म्हणे, पोरीनं चपला सरळ करून देल्ल्या."

आई रागावून नाही बोलली. तिला वाटलं, मला ठाऊक असेल. मी थैली तिच्या मांडीवरून घेतली आणि तोंडाशी धरली. तिला आता कशाचाच वास नव्हता, नुसता कापडाचा होता.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. नवऱ्याची ड्युटी, मुलीची परीक्षा, सगळं होतं, खोटं नाही. आईनं दशम्या बांधल्या. "जाय माय आता," म्हणाली, "गाडी चुकन तुही. मी राह्यतो. मले काय होते?" तिनं असं म्हणत पाठ फिरवली आणि चुलीपुढची स्वच्छ जागा पुन्हा झाडायला घेतली.

मी ओसरीत आले. माझ्या चपला उंबऱ्याखाली होत्या. सरकीची पोती आता घरात नसतात, पण त्या कोपऱ्यात धान्याची पत्र्याची कोठी आहे. मी चपला उचलल्या, कोठीच्या मागं हात घालून जितक्या आत जातील तितक्या आत सरकवल्या, आणि पुन्हा आत गेले. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या घरात होतं आणि धाप लागली होती.

"आई," मी म्हटलं, "माह्या चपला दिसून नाही राह्यल्या."

झाडणी थांबली. आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे, मग दारापलीकडच्या रिकाम्या उंबऱ्याकडे. 

"कुत्र्यानं नेल्या असतीन," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं.